पाचवी सवाष्ण

गुरुवार, ९ जानेवारी

बियाण्याच्या दुकानदारानं यंदा यांना डायरी दिली आणि यांनी ती माझ्यापुढं टाकली. "घे संजू, मापं लिवायला व्हईल." मापं लिहायला माझ्याकडं वही आहे. मनातलं बोलायला मात्र अख्ख्या वरकुट्यात माणूस नाही, म्हणून ही डायरी त्या कामाला लावते. 'हे' म्हणजे माझे मिस्टर, युवराज. दिवसभर डाळिंबाच्या बागेत असतात आणि घरी आल्यावर बोलण्याचं काम आईवर सोपवतात.

उद्या बारामतीला जायचं आहे. धाकटी जाऊ सोनल सात महिन्यांची गरोदर आहे, तिचं डोहाळजेवण संक्रांतीनंतर करायचं ठरलंय. तिची हिरवी साडी, चुडा, ओटीचं सामान, शिवाय संक्रांतीला वाण म्हणून लुटायच्या वस्तू. ही खरेदी माझ्याकडं द्यावी की नाही यावर सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. लग्नाला बारा वर्षं झाली आणि मला मूल नाही, तेव्हा डोहाळजेवणाच्या साडीला माझा हात लागावा का, असा तो विचार. त्या बोलल्या नाहीत, पण मला त्यांचं गप्प बसणंसुद्धा वाचता येतं. शेवटी कापडातलं घरात मलाच कळतं, गावातले निम्मे ब्लाउज मी शिवते, म्हणून पिशव्या माझ्या हातात आल्या. मला फार बरं वाटलं. या घरात आपल्यावाचून एखादं काम अडतं, हे कळलं की माणूस घट्ट उभं राहतं.

गंमत म्हणजे धाकटे दीर, ऋषिराज भाऊजी, स्वतःहून म्हणाले, "वहिनी, म्या नेतो गाडीनं." साडीच्या दुकानाची पायरी बायकोबरोबरही न चढलेला माणूस! बाप व्हायची वेळ आली की सुधारतात वाटतं.

शुक्रवार, १० जानेवारी

मनगट सुजलंय. अक्षर वाईट येईल.

खरेदी छान झाली होती. साडी मनासारखी मिळाली, वाणाला स्टीलच्या गाळण्या घेतल्या. भाऊजी म्हणाले, "वहिनी, बांगड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबा, म्या गाडी आणतो." मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन थांबले.

तेवढ्यात एक बाई समोर आली. डोक्यावरून पदर, अर्धं तोंड झाकलेलं, हिरवी साडी पोपटी काठाची. साडी इतकी वाईट नेसलेली की माझी नजर आधी निऱ्यांवर गेली. घोटे उघडे आणि पायात पुरुषी चपला. हे सगळं मी पाहिलं आणि तरी मला काही उमगलं नाही. बारीक आवाज काढून ती म्हणाली, "ताई, नवस फेडायचा हाय. पाच सवाष्णींच्या वट्या भरायच्यात. चार झाल्या, पाचवी गावंना. तेवढा पदर धरा की."

ओटीला नाही म्हणत नाहीत. हे कुणी शिकवावं लागत नाही, हात आपोआप जातात. मी पिशव्या खाली ठेवल्या, पदर पसरला, मान खाली घातली. खोटं कशाला लिहू, मनात आलं की अनोळखी बाई आपल्यालाच शोधत आली, यात काहीतरी असेल. बारा वर्षं प्रत्येक ओटीला मी मनात जे म्हणते ते आजही म्हटलं.

तिनं कुंकू लावलं. नारळ घातला, खण घातला. मग तांदळासाठी पिशवीत हात घातला आणि माझ्या पदरात काहीतरी ओलं, कोमट पडलं. लाल पाणी. टाचण्या टोचलेली लिंबं. काळ्या चिंध्यांची बाहुली. आणि कोंबडीचं एक काळं पिल्लू, पाय बांधलेलं, जिवंत. मी किंचाळून पदर सोडायला गेले, तर त्या बाईनं माझ्या दोन्ही मुठी पदरासकट आवळून धरल्या. ते पुरुषाचे हात होते. पिल्लू आत माझ्या पोटाशी तडफडत होतं आणि तो मोठ्यांदा ओरडला, "भरली वटी! वर्साच्या आत पाळणा हालतोय बघा वहिनी!"

समोरच्या दुकानाच्या पायरीवरून दुसरा एक पोरगा मोबाईल धरून हसत होता. "प्रँक हाय काकू, प्रँक! हिकडं बघा, हात करा!" गल्ली हसली. ज्याच्याकडून मी चुडा घेतला तो बांगडीवालाही हसला. मी रस्त्यावर बसले तेव्हा कुठं त्यानं मुठी सोडल्या. माझ्या दोन बांगड्या फुटून मनगटात रुतल्यात, बोटांचे वळ अजून तसेच आहेत. पाळण्याचं तो सगळ्याच बायकांना म्हणत असेल. पण मला ते जिथं लागायचं तिथं लागलं.

भाऊजी धावत आले, गाडी न घेताच. पोरं तोवर पसार. "जाऊ द्या वहिनी, पोरं हायती, रील करत्यात," असं म्हणाले खरं, पण त्यांचाच चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, पोलिसात जाऊ. ते म्हणाले, "नगं नगं. बोभाटा व्हईल. अक्काला तर काय बी सांगू नका. सोनलच्या कानावं जायला नगं, तिची ही अशी येळ." हे खरंच होतं. इतकी समज त्यांच्यात कधी आली कोण जाणे.

घरी आल्यावर मी न्हाणीत साडी भिजवत होते. बाहेर येऊन बघते तर अक्कांनी पिशव्या रिकाम्या केलेल्या आणि देवापुढं नारळ फोडलेला. तोच नारळ, शेंडीला लाल डाग. पिशवीत तो मीच घातला असणार. ओटीतला नारळ रस्त्यात टाकायचा नसतो, हातांनी तेही आपोआप केलं. सोनल उंबऱ्याशी बसून गुळाबरोबर खोबरं खात होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. नारळाचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. भाऊजी आत आले, त्यांची नजर वाटीवर गेली आणि त्यांनी ती तिच्या हातातून हिसकूनच घेतली. "खोबऱ्यानं खोकला व्हतो." सोनल हसायला लागली. तिचं खाऊन झालं होतं.

झाडाचं फळ आहे ते. दुसरं काही नाही. पण झोप यायची नाही आज.

रविवार, १२ जानेवारी

व्हिडिओ आला. ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईनंच दाखवला. "संजीवनी, ही तूच न्हवं?" वर लिहिलंय, 'पाचव्या काकूंची फजिती', आणि हसणारी तोंडं. दुपारपर्यंत वरकुट्यात प्रत्येकाच्या मोबाईलवर मी पदर पसरून उभी होते.

मीही पुन्हा पुन्हा पाहिला. त्या पोराची साडी अगदी सोनलच्या माहेरच्या साडीसारखी होती, हिरवी, पोपटी काठाची. फॉलसुद्धा तिथंच उसवलेला. तिच्या साडीचा फॉल उसवला होता आणि मी लावून देते म्हणून राहूनच गेलं होतं. तिला विचारलं, तर म्हणाली ती साडी कपाटात दिसत नाही, भांडीवालीकडं गेली असेल. असेलही. एका छापाच्या साड्या ढिगानं निघतात, आणि स्वस्तातला फॉल सगळीकडं सारखाच उसवतो.

अक्कांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग एकच विचारलं, "त्यो नारळ कुठं गेला?"

मी खरं ते सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. सोनलच्या शेजारी जाऊन बसल्या, तिच्या पोटावर हात ठेवून. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते, तोंडाला कमी नाही मी. पण त्या बसून राहिल्या आणि सोनल माझ्याकडं बघत राहिली.

भाऊजी दिवसभर अंगणात मोबाईल कानाला लावून फिरत होते. संध्याकाळी व्हिडिओ गेला. त्यांनीच त्या पोरांना गाठून तो काढून टाकायला लावला म्हणे. कशी शोधली विचारलं तर म्हणाले, "वळखी असत्यात, वहिनी." जेवले नाहीत. माझ्या अपमानाचं यांना, माझ्या नवऱ्याला, काडीचं वाईट वाटलं नाही, आणि दीर असून त्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. दर वर्षी हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात असतं. आज अक्का म्हणाल्या, "तुझं मनगाट दुखतंय, तू आत मशीनीवं बस." मनगट दुखतं हे खरं आहे. मी आत बसून ऐकत होते. तिळगूळ घ्या, गोड बोला. माझ्या गाळण्या सोनलनं वाटल्या. बायका आल्या, गेल्या, "संजीवनी कुठं हाय?" असं कुणी विचारलं नाही. सण म्हटला की बायकांना घाई असते.

दोघीजणी न शिवलेली ब्लाउजपिसं परत घेऊन गेल्या. "गडबड न्हाय, ऱ्हाऊ दे सध्या." संक्रांत झाली की काम मंदावतंच.

काल-परवापासून अक्का मला भाकरीला बसू देत नाहीत. हात दुखतो म्हणूनच असेल. पण भांडी घासायला हात दुखत नाही असं त्यांना वाटतं की काय?

शुक्रवार, १७ जानेवारी

परवा, करीच्या दुसऱ्या दिवशी... नाही, करीलाच, भाऊजी, हे आणि अक्का माडीवर बराच वेळ दार लावून बसले होते. हे खाली आले ते माझ्याशी डोळा न मिळवता बागेत गेले. बागेतल्या पाण्याचं काहीतरी असेल. तेव्हापासून भाऊजी मात्र जरा जेवायला लागलेत.

आज सकाळी सोनलच्या पोटात दुखायला लागलं. सगळे तिला घेऊन इंदापूरला गेलो. डॉक्टर म्हणाल्या, बाळ छान आहे, बाईंचं ब्लडप्रेशर वाढलंय, कशाची तरी धास्ती घेतलीय, विश्रांती द्या. येताना गाडीत सोनलनं हळूच विचारलं, "ताई, म्या खोबरं खात हुते तवा तुमाला म्हाईत हुतं?"

मी म्हटलं, "व्हय."

तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. लहान बहिणीसारखी वागवली मी तिला. मला रडू आलं, पण गाडीत अक्का होत्या.

दुपारी अक्कांनी म्हस्कूबाबाला बोलावून आणलं. हा आमच्या शिवेवरचा देवऋषी. स्वतःचा गुडघा दुखला की इंदापूरच्या डॉक्टरला दाखवतो, पण दुसऱ्यांचं अंगाऱ्यावर भागवतो. तांदूळ टाकून म्हणाला, "ज्या हातानं आलं त्यो हात घरात हाय तवर जाचणार." कुणाचा हात, ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी यांच्याकडं पाहिलं. हे शिकलेले आहेत, म्हस्कूबाबाला नेहमी हसतात. आज हसले नाहीत, बोललेही नाहीत. मोठ्यांपुढं कशाला बोला, असा त्यांचा स्वभाव.

रविवार, १९ जानेवारी

कऱ्हाटीला आलेय, माहेरी. हेच म्हणाले, "संजू, चार दिस जाऊन ये. तुला बी इसावा व्हईल, सोनलचं बी मन हलकं व्हईल." गोड बोलले. किती दिवसांनी संजू म्हणाले. मी लगेच पिशवी भरली.

सोडायला भाऊजी आले. बारामती मागं टाकल्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली. त्यांनी ती कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले. पुरुष माणूस असा हमसून रडताना मी पहिल्यांदा पाहिला.

"वहिनी, समदं माझ्यामुळं झालं."

मी म्हटलं, "तुमच्यामुळं कसं? तुमी गाडी आणाया गेलता, येवढंच की."

त्यांनी मान वर केली. काहीतरी बोलणार होते. मी बोलूच दिलं नाही. पाण्याची बाटली हातात दिली, म्हटलं, "बाप व्हणार तुमी. आसं खचून चालतंय व्हय? माझ्या गळ्याशपथ, पुन्हा हे मनात आणायचं न्हाय."

त्यांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. मग डोळे पुसले आणि गाडी चालू केली. त्या घरात माझ्यासाठी रडणारं एक तरी माणूस आहे.

सोमवार, २७ जानेवारी

आज पिकअपमधून माझं शिलाई मशीन आलं. बरोबर माझी ट्रंक, पंखा आणि उन्हाळ्यातल्या साड्यांचं गाठोडं. यांनी फोनवर सांगितलं, "तुला करमत नसंल म्हणून धाडलं." मी मागितलं नव्हतं, तरी यांच्या लक्षात आलं. संभाजीदादा, माझा थोरला भाऊ, मशीन उतरवताना एक शब्द बोलला नाही. कौसल्यावहिनीनं विचारलं, "उन्हाळ्याच्या साड्या कशापायी धाडल्या आत्ताच?" मी म्हटलं, धुऊन ठेवायला. वहिनी गोठ्यात निघून गेली.

तसं मलाही खटकलं. लिहिते आहे तेव्हा कबूल करते, खटकलं. पण पुरुषांना काय कळतं, हाताला लागलं ते बांधून दिलं असेल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रथसप्तमी. हळदीकुंकवाचे दिवस संपले. इथल्या बायका मला बोलावतात, पण ओटी भरताना हात आखडता घेतात की मलाच तसं वाटतं, समजत नाही. आता कुणी पदर धर म्हटलं की मीच मागं सरते. रात्री मुठी वळलेल्या असतात आणि आत काहीतरी फडफडतं. जागी होऊन चादर झटकते.

फोनवर यांना विचारलं, न्यायला कधी येताय? म्हणाले, बागेत छाटणी निघाली आहे. डोहाळजेवण? ते रद्द केलं, सोनलला झेपायचं नाही. मी म्हटलं बरं झालं, पुढं बारशाला धमाल करू. पाण्याची मोटर लावायची आहे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सोमवार, १० फेब्रुवारी

डोहाळजेवण झालं. काल. वरकुट्यातल्या एका गिऱ्हाईक बाईनं मोबाईलवर फोटो ठेवलेत. सोनल फुलांच्या झोपाळ्यात, मी निवडलेली साडी नेसून. ब्लाउज कुणीतरी दुसऱ्याकडून शिवून घेतलाय, काखेत ओढतोय. अक्का हसताहेत. हे मागं फेटा बांधून उभे आहेत. फेटा!

मी फोटो दादाला दाखवला. इतके दिवस तो गप्प होता. आज म्हणाला, "संजे, तुला धाडली न्हाय, तुला टाकली." मी त्याच्यावर ओरडले. मग वहिनीनं धरलं आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून आरडून रडले. सोनलला माझी भीती वाटते, अक्का जुन्या वळणाच्या, हे आईपुढं बोलत नाहीत. एकेकाचं मला समजतं. सगळ्यांचं मिळून जे होतं ते समजून घ्यायचं नाही मला.

दादा म्हणतो, तो व्हिडिओ टाकणारा पोरगा त्यानं खात्यावरच्या फोटोवरून तेव्हाच ओळखला होता. दादा दुधाची गाडी घेऊन इंदापूरला जातो तेव्हा तो स्टँडजवळ मोबाईलची कव्हरं विकताना दिसतो. उद्या त्याची मानगूट धरतो म्हणाला. मी म्हटलं, मारू नको. नुसतं विचार, वरकुट्याला येऊन आमच्या अक्कांपुढं सांगशील का, की ही सगळी थट्टा होती. करणी नाही, काही नाही. तेवढ्यानं सगळं मिटेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दादानं त्या पोराला फोनवर दिलं. सुमित नाव. आवाज अगदी कोवळा. मी विचार केला होता तेवढी चिडूच शकले नाही.

"काकू, चुकलं. पाया पडतो. पर आमाला ऋषीदादाच म्हणलं हुतं."

मी म्हटलं, "कोण ऋषीदादा?"

"तुमचंच दीर की. आमच्या जिमला येत्यात. म्हणलं, आमच्या वहिनी लई हासऱ्या हायत, घेतील मजेत, व्ह्यूज बी लई येतील. साडी त्यांनीच आणून दिली. पाळण्याचं बोलायचं बी त्यांनीच सांगितलं." मग थांबून म्हणाला, "तुमाला सांगितलं न्हाय व्हय त्यांनी अजून? करीच्या दिशी म्हणलं, घरी समद्यांना सांगून टाकलं, आता मिटलं."

मी फोन दादाच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन बसले.

साडी. फॉल. गाडी न आणता धावत आलेला माणूस. बघा वहिनी, असं ओरडलेला तो आवाज. सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं होतं. आणि मी त्या माणसाच्या हातात पाण्याची बाटली दिली, वर शपथ घातली. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती. थट्टा केली, ती हाताबाहेर गेली, बायकोनं नारळ खाल्ला तेव्हा घाबरला. इथवर समजू शकते मी. पण पुढं रोज माझ्याकडं बोट जाताना तो बघत बसला. ते नाही समजत.

घरी सांगितलं ही त्यानं त्या पोराला मारलेली थाप असणार. घरी कळलं असतं तर हे त्याच दिवशी मला न्यायला आले असते. अक्काही आल्या असत्या, तोंडानं कितीही कडक असल्या तरी.

उद्या जाते. फोन करून नाही, तशीच. एका वाक्याचं काम आहे. ते झालं की मशीन परत न्यायला पिकअप बोलवायची.

गुरुवार, १३ फेब्रुवारी, वरकुटे

दादा येतो म्हणत होता, नको म्हटलं. बारामतीत गाडी बदलली, इंदापूरला उतरून वडापच्या जीपनं दुपारी पोचले. सोनल परवाच बाळंतपणाला माहेरी गेली. अक्का ओसरीवर तूर पाखडत होत्या, भाऊजी दाराच्या चौकटीला टेकून उभे, युवराज बागेतून नुकतेच आलेले. मला बघून अक्कांचं सूप थांबलं.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सुमित, जिम, साडी, पाळणा. भाऊजींकडं बोट करून सांगितलं. आता अक्का उठतील, त्याच्या मुस्काटात देतील, युवराज त्याच्या अंगावर धावून जातील, असं काहीतरी होईल म्हणून वाट बघत राहिले. अक्कांनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"ठावं हाय ते आमाला."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "काय ठावं हाय?"

"समदं. ऋषीनं सांगितलंय."

मी युवराजकडं वळले. "कधी?"

त्यांची नजर चपलांवर होती. "करीला."

म्हणजे सोनलचं पोट दुखायच्या आधी. म्हस्कूबाबाच्या आधी. मला संजू म्हणून चार दिवस जाऊन ये म्हणाले, त्याच्याही आधी. मशीन बांधलं तेव्हा ठाऊक, फेटा बांधला तेव्हा ठाऊक. सोनलला तेवढं सांगितलं नव्हतं. पोटुशीला नवऱ्याचा राग यायला नको म्हणून. माझी भीती वाटलेली चालते.

"मग म्हस्कूबाबाला कशापायी आणला?" माझा आवाज चढला. "म्या तिकडं कशापायी ऱ्हाते?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "खेळ पोरांचा आसंल. पर पदर तू पसरलास. नारळ घरात तू आणलास, आन ती खात हुती तवा तोंड तू मिटलंस. उद्या लेकराला बरंवाईट झालं तर म्या कुणाकडं बघू?"

"भाऊजी बी तितंच हुतं. त्यांनी बी तोंड मिटलं."

"त्यो घरचा हाय."

"आन मी?"

भाऊजी आत निघून गेले. अक्कांनी पुन्हा सूप हाती घेतलं. बारा वर्षांत मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता, आणि त्यांनाही तो कधी ऐकावा लागला नव्हता. शेवटी युवराजनं खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. 'हे' असं लिहायला हात उचलत नाही आता. म्हणाला, "चल, इंदापुरात सोडतो. शेवटची गाडी गावंल. बाळ घरी येऊस्तवर ऱ्हा तिकडं, मग बघू."

मी म्हटलं, "न्हाय."

"संजू, तमाशा नगं."

"तमाशा बारामतीत झाला माझा. भर बाजारात. आता म्या बसणार हाय."

आणि आत आले. माझ्या खोलीत पेंडीची पोती रचलीत. मशीन जिथं होतं तिथली फरशी तेवढी उजळ आहे. मी पोती एकेक करून ओसरीवर ओढली. युवराज बघत उभा राहिला, हात लावला नाही, अडवलंही नाही. घाम पुसला, कॉटवरची धूळ झटकली, आता बसून हे लिहिते आहे. मनात भीती आहे. बाहेर तिघं हळू आवाजात बोलताहेत आणि मध्येच थांबून माझी चाहूल घेताहेत. उद्या म्हस्कूबाबा येईल, परवा भावकी येईल. सोनलच्या बाळाला साधी सर्दी झाली तरी माझंच नाव निघेल, हे मला आत्ताच दिसतंय. दादाला फोन करून एवढंच सांगितलं, की मी आज माझ्या पायांनी घरी परत आलेय, ही तारीख लक्षात ठेव आणि उद्या कुणी विचारलं तर सांग.

दिवेलागण झाली. आमटीला फोडणी दिल्याचा वास आला, भाकऱ्या थापल्याचा आवाज आला. ताटं मांडल्याचाही आला. जेवायला मला कुणी हाक मारलेली नाही. मी जाणार आहे. ताट माझं मी घेईन.